कॅल्शियम वाढलेलं, पीटीएच मात्र ‘नॉर्मल’: पॅराथायरॉइडबद्दल रुग्ण नेहमी विचारतात ते प्रश्न

घोडबंदर रोड, कळवा, ऐरोली, वाशी, पनवेल अशा सगळीकडून ठाण्याच्या ओपीडीत येणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक हे प्रश्न विचारतात. उत्तरं सर्वसाधारण आहेत. ती वाचून कुठलीही गोळी स्वतःहून चालू किंवा बंद करू नका.

थायरॉइडची गोळी तर मी रोज घेते. मग आता हे पॅराथायरॉइड काय निघालं?

दोन्ही ग्रंथी गळ्यातच असतात, पण एकीच्या कामाचा दुसरीच्या कामाशी संबंध नाही. थायरॉइडच्या मागच्या अंगाला बहुतेकांना चार छोट्या, पिवळट-तपकिरी पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. एकेकीचं वजन ३० ते ५० मिलिग्रॅम. त्या पीटीएच, म्हणजे पॅराथायरॉइड हॉर्मोन, सोडून रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, चांगला आला म्हणजे पॅराथायरॉइडही ठीक, असं धरून चालू नका.

त्या इतक्या लहान आहेत की शरीरशास्त्रज्ञांच्या नजरेतूनही बराच काळ सुटल्या. १८५० च्या सुमारास लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एक भारतीय गेंडा मेला. त्याचं विच्छेदन करताना रिचर्ड ओवेन यांना ही ग्रंथी दिसली. माणसातल्या ग्रंथींचं नीट वर्णन १८८० साली स्वीडनमधल्या उप्सालाच्या इव्हार सँडस्ट्रॉम या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने केलं.

रक्तात कॅल्शियम किती आहे हे ग्रंथीला कळतं कसं?

ग्रंथीच्या पेशींच्या पृष्ठभागावर कॅल्शियम ओळखणारे रिसेप्टर असतात. १९९३ साली एडवर्ड ब्राउन आणि स्टीव्हन हेबर्ट यांच्या गटाने या रिसेप्टरचं जनुक वेगळं काढलं आणि तेव्हा हे कोडं सुटलं. रक्तातलं कॅल्शियम या रिसेप्टरला चिकटलं की पेशीला निरोप जातो: पुरे, हॉर्मोन सोडू नको. कॅल्शियम कमी झालं की रिसेप्टर मोकळा होतो आणि पीटीएच बाहेर पडतं. शरीरातल्या बऱ्याच पेशींमध्ये कॅल्शियम वाढलं की स्राव वाढतो. इथे नेमकं उलट घडतं.

हे सगळं फार जलद चालतं. कॅल्शियम जरासं घसरलं तरी साठवलेलं पीटीएच काही सेकंदांत रक्तात येतं. कमतरता काही तास टिकली तर पेशी नवं हॉर्मोन बनवण्याचा वेग वाढवतात. ती आठवडे-महिने टिकली तर पेशींची संख्याच वाढते आणि ग्रंथी मोठी होते. हा तिसरा टप्पा लक्षात ठेवा, किडनीच्या रुग्णांबद्दल बोलताना तो पुन्हा येईल.

बाहेर पडलेलं पीटीएच तीन मार्गांनी कॅल्शियम वर आणतं. हाडांतून ते सोडवतं. किडनीतून लघवीवाटे जाणारं कॅल्शियम परत खेचतं आणि त्याच वेळी फॉस्फेट बाहेर टाकायला लावतं. शिवाय किडनीकडून ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप तयार करून घेतं, म्हणजे आतड्यातून कॅल्शियम जास्त शोषलं जातं. रक्तातल्या पीटीएचचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा वेळ, जेमतेम दोन ते चार मिनिटं असतं. त्यामुळे ग्रंथी सतत ताजा हिशेब करत असते.

ग्रंथी पाहते ते फक्त मोकळं, म्हणजे आयोनाइज्ड कॅल्शियम. रिपोर्टमधल्या एकूण कॅल्शियमपैकी जवळपास निम्मंच मोकळं असतं. बाकीचं बहुतेक अल्ब्युमिन या प्रथिनाला बांधलेलं असतं. अल्ब्युमिन कमी असेल तर एकूण आकडा फसवतो. अल्ब्युमिन ४ पेक्षा जितकं कमी, त्याच्या ०.८ पट आकडा कॅल्शियममध्ये मिळवायचा, असा ढोबळ हिशेब आहे. कॅल्शियम १०.४ आणि अल्ब्युमिन ३ असेल तर दुरुस्त आकडा ११.२ होतो.

मग ‘ओव्हरॲक्टिव्ह’ ग्रंथीत बिघडतं काय? ती कॅल्शियमचं ऐकतच नाही का?

ऐकते, पण उशिरा. या पानावरची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत फ्लोट असतो. पाणी ठरलेल्या रेघेला पोचलं की पंप बंद होतो. कुणी तो फ्लोट वितभर वर बांधला तर पंप बिघडलेला नसतो, फ्लोटही चालू असतो. फक्त पाणी वरच्या रेघेला पोचेपर्यंत पंप थांबत नाही.

पॅराथायरॉइडची गाठ, म्हणजे ॲडिनोमा, बहुतांशी असंच वागते. ज्या कॅल्शियमला निरोगी ग्रंथी निम्मी गप्प झाली असती, त्या पातळीला हिचं काम जोरात चालू असतं. कॅल्शियम आणखी वाढलं की मग ती आवरतं घेते. या पातळीला आम्ही सेट पॉइंट म्हणतो आणि ॲडिनोमात तो वर सरकलेला असतो. अशा गाठींतल्या पेशींवर कॅल्शियमचे रिसेप्टर बऱ्याचदा कमी आढळतात. त्यामुळे ‘पुरे’ हा निरोप पोचायला जास्त कॅल्शियम लागतं.

याचा पुरावा रुग्णांच्या फायलीतच मिळतो. सौम्य आजार असलेल्यांचे जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावले तर कॅल्शियम १०.९, ११.१, ११.० असं वर्षानुवर्षं एकाच पट्ट्यात फिरताना दिसतं. ग्रंथी पूर्ण बेलगाम असती तर आकडा चढतच गेला असता. तो नव्या, चुकीच्या पातळीला स्थिरावतो, कारण नियंत्रण अजून शिल्लक असतं.

दुसरी भानगड पेशींच्या संख्येची. निरोगी पेशीसुद्धा कॅल्शियम कितीही वाढलं तरी शंभर टक्के गप्प बसत नाही, थोडं पीटीएच झिरपतच राहतं. ग्रंथी मोठी झाली की हे थोडं थोडं मिळून बरंच होतं. म्हणजे प्रत्येक पेशी शहाण्यासारखी वागली तरी नुसत्या गर्दीमुळे पीटीएच जास्त राहू शकतं. ॲडिनोमात सेट पॉइंट सरकण्याचा वाटा मोठा असतो, किडनीच्या जुन्या आजारात पेशींच्या संख्येचा. बऱ्याच रुग्णांत दोन्ही असतात.

साधारण ८० ते ८५ टक्के रुग्णांत एकाच ग्रंथीत गाठ असते. बाकीच्यांपैकी बहुतेकांत एकाहून जास्त ग्रंथी वाढलेल्या असतात. कॅन्सर १ टक्क्याहूनही कमी. ‘ट्यूमर’ शब्द ऐकून घरात जी रडारड सुरू होते तिची बहुतेक वेळा गरज नसते.

पीटीएच ५८ आलंय, रेंज १५ ते ६५. रिपोर्टवर लाल खूण नाही. कॅल्शियम मात्र ११.२. म्हणजे पॅराथायरॉइड ठीक ना?

नाही. व्हॉट्सॲपवर हा रिपोर्ट पाठवून ‘सर, पीटीएच नॉर्मल आहे’ असं लिहिणारे महिन्याला कितीतरी असतात, आणि दोष त्यांचा नसतो. लॅबचं सॉफ्टवेअर एकेक आकडा सुटा तपासतं. शेजारच्या ओळीत कॅल्शियम किती आहे हे पाहून ते पीटीएचवर खूण करत नाही.

१५ ते ६५ ही रेंज कॅल्शियम ठीक असलेल्या माणसांची आहे. कॅल्शियम ११.२ असताना निरोगी ग्रंथींनी जवळपास तोंड मिटून बसायला हवं होतं. पीटीएच रेंजच्या तळाशी किंवा त्याहूनही खाली यायला हवं होतं. ते ५८ आहे याचा अर्थ वाढलेल्या कॅल्शियमला ग्रंथी दबत नाहीये. हे प्रायमरी हायपरपॅराथायरॉइडिझमच, म्हणजे ग्रंथीच मुळात बिघडून जादा पीटीएच सोडण्याचा आजार, असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. पीटीएच एकट्याने वाचायचंच नाही. त्याच वेळी काढलेल्या रक्तातलं कॅल्शियम शेजारी ठेवल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही.

याच्या उलट, कॅल्शियम १२ आणि पीटीएच ६ असेल तर ग्रंथी बिचारी आपलं काम चोख करते आहे, कारण दुसरीकडे शोधा. आपल्याकडचं एक नेहमीचं कारण म्हणजे ड जीवनसत्त्वाची सहा लाख युनिटची इंजेक्शनं. गुडघे दुखतात म्हणून एकाने दिलं, थकवा म्हणून दुसऱ्याने, आणि वरून दर आठवड्याची साठ हजार युनिटची पावडर चालूच. काही कॅन्सर आणि क्षयासारखे आजारही या यादीत येतात.

माझं उलटं आहे. पीटीएच १२०, पण कॅल्शियम ९.१. हा काय प्रकार?

बहुधा ग्रंथी योग्य कारणासाठी जादा काम करते आहे. याला सेकंडरी म्हणतात. ड जीवनसत्त्व कमी, आहारात कॅल्शियम कमी, किडनीचं काम मंदावलेलं, किंवा वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाल्यामुळे आतड्यातून शोषण कमी, यांपैकी काहीतरी सापडतं. ठाण्यात ऊन भरपूर आहे, पण सकाळी आठच्या लोकलने जाऊन काचेच्या इमारतीत बसणाऱ्याच्या अंगावर ते कधी पडणार? ड जीवनसत्त्व भरून काढायचं आणि काही महिन्यांनी दोन्ही तपासण्या पुन्हा करायच्या. तेव्हा कधी कधी कॅल्शियम वर येतं आणि आत दडलेला प्रायमरी आजार उघडा पडतो. तसं झालं तर गोळीने बिघडवलं असं समजू नका.

कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हा घोळ फार जुना आहे. १९२५ साली व्हिएन्नात फेलिक्स मांडल यांच्याकडे हाडं झिजलेला एक ट्राम कंडक्टर आला. तेव्हाची समजूत अशी की हाडं कमजोर होतात म्हणून ग्रंथी मदतीला मोठी होते. त्यामुळे त्याला आधी ग्रंथीचा अर्क दिला, मग दुसऱ्या माणसाची ग्रंथी बसवली. काही उपयोग झाला नाही. शेवटी गळा उघडून गाठ काढली, तेव्हा हाडांचं दुखणं थांबलं आणि तो पुन्हा चालू लागला. काही वर्षांनी आजार उलटला, पण कारण गाठच होती हे त्या शस्त्रक्रियेने दाखवून दिलं.

रक्त देताना काय सांभाळायचं?

घरी रक्त न्यायला मुलगा येतो तेव्हा दोन गोष्टी बघा. एक, दंडाला पट्टा बांधून तो शीर शोधत बसला आणि तुम्ही मूठ उघडझाप करत राहिलात तर एकूण कॅल्शियम उगाच जास्त येऊ शकतं. दुसरी, नळ्या. पीटीएचसाठी बऱ्याच लॅब जांभळ्या झाकणाची नळी वापरतात. त्या नळीत ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं रसायन असतं आणि ते कॅल्शियमला घट्ट धरून ठेवतं. म्हणून कॅल्शियमचं रक्त वेगळ्या नळीत जायलाच हवं. जांभळ्या नळीतलं रक्त चुकून दुसरीत मिसळलं तर कॅल्शियम भलतंच कमी आणि पोटॅशियम भलतंच जास्त येतं. असा जोडीचा विचित्र रिपोर्ट आला तर घाबरण्याआधी रक्त पुन्हा द्या.

दोन्ही नळ्या एकाच वेळी, शक्यतो सकाळी भरून घ्या. मे महिन्यात नमुना बॅगेत तीन तास फिरत असेल तर त्यापेक्षा स्वतः सेंटरला गेलेलं बरं. केस गळतात म्हणून बायोटिन घेत असाल तर आधी सांगा. काही यंत्रांवर त्याने पीटीएच खोटं कमी दिसतं.

आमच्याकडे टँकरचं पाणी येतं, भांड्यांवर पांढरे डाग पडतात. त्याने कॅल्शियम वाढलं का? दूध, नाचणी बंद करू का?

घोडबंदर पट्ट्यातल्या सोसायट्यांतून हा प्रश्न हमखास येतो. नवी मुंबईत मोरबे धरणाचं पाणी पिणाऱ्यांनाही हा आजार होतो, तेव्हा टँकरला मोकळं सोडा. बोअरच्या जड पाण्यात लिटरला १०० मिलिग्रॅम कॅल्शियम धरलं तरी दोन लिटरमधून २०० मिलिग्रॅम मिळतं. मोठ्या ग्लासभर दुधात याहून जास्त असतं. आणि निरोगी माणसात जादा कॅल्शियम आलं की पीटीएच दबतं, किडनी ते बाहेर टाकते.

दूध बंद करू नका. खाण्यातलं कॅल्शियम फारच कमी केलं तर ग्रंथीला आणखी चेव येतो आणि भरपाई हाडांतून होते. दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम हे प्रमाण तुम्हालाही लागू आहे. ताक, दही, नाचणीची भाकरी रोजच्यासारखी चालू द्या. डॉक्टरांना विचारून बंद करायच्या त्या कॅल्शियमच्या गोळ्या, अ‍ॅसिडिटीसाठी चघळायच्या कॅल्शियम कार्बोनेटच्या गोळ्या, आणि डॉक्टरांना न सांगता चालू असलेलं शंखभस्म किंवा प्रवाळ. तेही कॅल्शियमच. पाणी भरपूर प्या.

त्रास काय होतो? आईला तर काहीच होत नाही, फक्त ‘वय झालं’ म्हणते.

मुतखडा, हाडं दुखणं, किरकोळ पडण्याने फ्रॅक्चर, बद्धकोष्ठ, सारखी तहान आणि लघवी, मांड्यांत ताकद नसणं, उदास वाटणं. यातलं निम्मं ‘वय झालं’ या खात्यात जमा होतं. जिना चढताना कठड्याला धरून स्वतःला वर ओढावं लागतं का, हे आईला विचारून बघा. पाश्चात्त्य देशांत आता बहुतेक रुग्ण नेहमीच्या तपासणीत, त्रास व्हायच्या आधीच सापडतात. आपल्याकडे अजूनही तुलनेने तरुण रुग्ण हाडांचा आणि खड्यांचा आजार घेऊन येतात.

मुतखडा पुन्हा पुन्हा होणाऱ्या प्रत्येकाचं कॅल्शियम एकदा तरी तपासायलाच हवं. दुर्बिणीने तीनदा खडा काढला आणि कॅल्शियम एकदाही पाहिलं नाही, अशा फायली आजही हातात येतात. ही साधी, स्वस्त तपासणी आहे.

कॅल्शियम १४ च्या वर, उलट्या, गुंगी, असंबद्ध बोलणं, असं काही असेल तर ओपीडीच्या वेळेची वाट पाहू नका. रुग्णालयात दाखल करून सलाइन लावावं लागतं.

माझं, आईचं आणि मामाचं, तिघांचंही कॅल्शियम थोडं जास्त आहे. कुणालाच त्रास नाही.

मग गळ्याला हात लावायच्या आधी २४ तासांची लघवी तपासा. काही घराण्यांत कॅल्शियम ओळखणाऱ्या रिसेप्टरच्या जनुकातच बदल असतो. ग्रंथी आणि किडनी दोघींनाही कॅल्शियम आहे त्यापेक्षा कमी वाटतं. रक्तात ते जास्त आणि लघवीत फार कमी, असं चित्र दिसतं. हा बहुधा निरुपद्रवी प्रकार आहे आणि शस्त्रक्रियेने बरा होत नाही. कॅन घरी आणल्यावर सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची, तिथून पुढची सगळी दुसऱ्या सकाळच्या पहिल्या लघवीसकट गोळा करायची. एकदा जरी बाहेर गेली तरी हिशेब चुकतो, म्हणून रविवार निवडा.

उलट, वय तिशीच्या आत असेल किंवा घरात कुणाला पॅराथायरॉइडबरोबर पिट्युटरीची, स्वादुपिंडाची गाठ झाली असेल तर वेगळी जनुकीय तपासणी लागते.

बाबा डायलिसिसवर आहेत. पीटीएच ४०० पाहून आम्ही हादरलो.

त्यांच्यासाठी वरची रेंज लागू नाही. डायलिसिसवर पीटीएच नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या साधारण दोन ते नऊ पट असलं तरी चालतं. मर्यादा ६५ धरली तर ४०० म्हणजे सहा पट. एका आकड्यापेक्षा तो चढतो आहे की उतरतो आहे, हे जास्त बोलतं.

किडनी थकली की फॉस्फेट साचतं, सक्रिय ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम घसरतं. ग्रंथीला तिन्ही बाजूंनी टोचणी. वर्षं गेली की पेशी वाढतात, त्यांच्यावरचे कॅल्शियमचे आणि ड जीवनसत्त्वाचे रिसेप्टर कमी होतात, आणि ग्रंथी हळूहळू ऐकेनाशी होते. काही जणांत किडनी बदलल्यावरही ती शांत होत नाही आणि कॅल्शियम वर जातं. त्याला टर्शरी म्हणतात. म्हणून जेवणातलं फॉस्फेट बांधून ठेवणाऱ्या गोळ्या जेवणाबरोबरच घ्यायच्या. जेवण झाल्यावर दोन तासांनी आठवण आली तर त्या गोळीचा फारसा उपयोग नाही.

ऑपरेशन टाळून गोळीने भागणार नाही का?

सिनाकॅल्सेट नावाची गोळी आहे. अमेरिकेत तिला २००४ साली मान्यता मिळाली आणि आपल्याकडेही ती मिळते. ती त्याच रिसेप्टरवर बसून त्याला कॅल्शियमबद्दल जास्त संवेदनशील करते, म्हणजे सरकलेला सेट पॉइंट खाली ओढते. कॅल्शियम उतरतं. पण प्रायमरी आजारात गाठ तशीच राहते आणि हाडांची घनता गोळीने सुधारत नाही. मळमळ बऱ्याच जणांना होते. डायलिसिसचे रुग्ण आणि शस्त्रक्रिया झेपणार नाही असे वयस्कर रुग्ण यांच्यासाठी ती मोलाची आहे. धडधाकट ४५ वर्षांच्या बाईने शस्त्रक्रियेची भीती वाटते म्हणून वर्षानुवर्षं ती घ्यावी, हे मला पटत नाही.

मग ऑपरेशन नक्की कोणाला?

प्रायमरी आजारात त्रास असेल तर शस्त्रक्रिया. त्रास नसला तरी वय ५० च्या आत, कॅल्शियम वरच्या मर्यादेहून १ मिलिग्रॅमपेक्षा जास्त, हाडांच्या घनतेचा आकडा, म्हणजे टी-स्कोअर, उणे २.५ किंवा त्याखाली, मणक्याचं फ्रॅक्चर, मुतखडा, किडनी किती गाळते हे सांगणारा ईजीएफआर ६० च्या खाली, लघवीतून फार कॅल्शियम जाणं, यांपैकी एक जरी असेल तरी शस्त्रक्रिया सुचवली जाते. हाडांची घनता मोजताना मनगटाजवळचं हाडही घ्यायला सांगा. हा आजार तिथे आधी दिसतो. बाकीच्यांनी दर वर्षी कॅल्शियम आणि किडनीची तपासणी करत राहायचं.

स्कॅन निदानासाठी नसतो, गाठ कुठे आहे हे सर्जनला कळावं म्हणून असतो. सोनोग्राफी आणि सेस्टामिबी (किरणोत्सारी औषध टोचून केलेला स्कॅन) दोन्हींत काही दिसलं नाही तरी आजार खोटा ठरत नाही. खालच्या ग्रंथी गर्भावस्थेत वरून खाली सरकतात आणि कधी छातीपर्यंत पोचतात. चार्ल्स मार्टेल या जहाजाच्या कप्तानाची गाठ १९३२ साली सातव्या शस्त्रक्रियेत छातीत सापडली, तोवर त्याची उंची कितीतरी इंच घटली होती. आजचा रुग्ण त्या फेऱ्यातून सुटतो तो स्कॅनमुळे आणि मुख्य म्हणजे अनुभवी हातांमुळे. वर्षाकाठी अशा किती शस्त्रक्रिया करता, हे सर्जनला खुशाल विचारा. परळच्या केईएम रुग्णालयात एंडोक्रायनॉलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे. ठाण्याहून धीमी लोकल थेट परळला जाते, वाशीकरांना कुर्ल्याला गाडी बदलावी लागते.

गाठ काढल्यावर टेबलावरच पीटीएच तपासता येतं. अर्धायुष्य दोन-चार मिनिटांचं असल्याने दहा मिनिटांत आकडा निम्म्याहून खाली यायला हवा. आला नाही तर दुसरीकडेही गाठ असू शकते आणि सर्जन पुढे शोधतो.

शस्त्रक्रियेनंतर ओठांना, बोटांना मुंग्या येतात. काही चुकलं का?

बहुधा नाही. गाठीमुळे वाढलेल्या कॅल्शियमने उरलेल्या निरोगी ग्रंथी कित्येक महिने दबून बसलेल्या असतात. त्यांना जागं व्हायला दिवस लागतात. ज्यांची हाडं फार झिजली होती त्यांची हाडं आता भराभर कॅल्शियम ओढून घेतात, त्यामुळे रक्तात ते आणखी घसरतं. कॅल्शियमच्या आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या त्यासाठीच दिलेल्या असतात. घरी गेल्यावर बरं वाटतंय म्हणून त्या चुकवू नका. मुंग्या वाढल्या, हाताची बोटं आपोआप आखडली किंवा घशात आवळल्यासारखं झालं तर लगेच रुग्णालय गाठा. शिरेतून कॅल्शियम द्यावं लागू शकतं.

पहिल्या भेटीला काय आणायचं?

जुने सगळे कॅल्शियमचे रिपोर्ट, अगदी पाच वर्षांपूर्वीच्या ‘फुल बॉडी चेकअप’मधलेसुद्धा. मुतखड्याच्या सोनोग्राफी. चालू असलेल्या प्रत्येक गोळीची पट्टी, विशेषतः लिथियम आणि ब्लडप्रेशरसाठीच्या थायाझाइड गटातल्या गोळ्या, कारण दोन्हींनी कॅल्शियम वाढतं. लिथियम तर ग्रंथीचा सेट पॉइंटच सरकवतं. मात्र ते स्वतःहून थांबवू नका. मानसोपचारतज्ज्ञांशी बोलून काय ते ठरवू. पावडरी, चूर्णं, भस्मं, जिममधले डबे यांचे फोटो काढून आणले तरी चालतील.